गावंडे सरांच्या स्कूटरचा पोचा

आमच्या अकोल्याच्या कॉलनीत सगळ्यांत चकचकीत गाडी कुठली, तर गावंडे सरांची जुनी स्कूटर. सर रोज सकाळी तिला पुसतात, आणि पुढच्या मडगार्डाला पडलेला वाटीएवढा पोचा तर दोनदा पुसतात. देव्हाऱ्यातल्या देवांचीही इतकी बडदास्त कोणी ठेवत नसेल.

"सर, हा पोचा काढून का घेत नाही?" असं नवीन माणूस हमखास विचारतो. सर फडकं खांद्यावर टाकतात.

"काढून घेऊ? अन् त्यातली ऊर्जा कुठी ठेवू, तुमच्या घरी?"

सर मूळचे अंजनगाव सुर्जीचे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. फक्त वर्ग रस्त्यावर आला. कुठे दोन गाड्या धडकल्याचा आवाज झाला की बाकीचे 'चूक कोणाची' म्हणत धावतात. सर धावतात ते वेगळाच प्रश्न घेऊन, "चिकटल्या का उसळल्या?"

एकदा भाजीबाजारात उतारावरून आलेली एक हातगाडी सिंधूबाईंच्या उभ्या हातगाडीवर आदळली. चाकं एकमेकांत अडकली, दोन्ही गाड्या जोडीनं थोड्या पुढे गेल्या आणि सिंधूबाईंच्या वांग्यांचा चेंदामेंदा झाला. त्या आता समोरच्याची गचांडी धरणार, तेवढ्यात सर मध्ये.

"थांबा, भांडू नका! संवेग म्हंजे वजन गुणिले वेग. दोन्ही गाड्या सारख्या वजनाच्या. एकीचा वेग दोघीत वाटला, अर्धा अर्धा. म्हंजे संवेग होता तेवढाच राह्यला, तो कुठी जात नाई. पन पयनारी ऊर्जा, म्हंजे गतिज ऊर्जा, अर्धीच उरली. मंग बाकीची अर्धी कुठी गेली?"

"माह्या वांग्याईत गेली, सर!" सिंधूबाई कळवळून ओरडल्या.

"शाब्बास! शंभरपैकी शंभर!" सर इतके खूश झाले की ती सगळी फुटकी वांगी त्यांनीच घेतली. पुढचे तीन दिवस कॉलनीत घरोघर सरांच्या हातचं भरीत पोचत होतं. भरितात मीठ नव्हतं, पण सर दारात उभे, म्हणून सगळ्यांनी खाल्लं.

माणसांच्या बाबतीतही सरांचं शास्त्र तेच. माझं आणि बायकोचं भांडण झालं की कुंपणापलीकडून आवाज येतो, "उसळू नका जी! उसळनारे आपापल्या वाटेनं निघून जातात. संगं राहाचं असन तं कोनाले तरी थोडं चेपा लागते." चेपायचं कोणी, हे मात्र ते कधी सांगत नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका. गावंडे काकू वारल्यावर सरांनी मीनूला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, एकट्यानं वाढवलं. ती नोकरीसाठी कॅनडाला गेली त्याला चार वर्षं झाली. यंदा ती पहिल्यांदाच येणार होती. त्याआधी सर दोन दिवस अंजनगावला लग्नाला गेले आणि स्कूटरची चावी माझ्याकडे ठेवून गेले. मला वाटलं, लेक येतेय, गाडी कशी नवीकोरी दिसली पाहिजे. मी गाडी मिस्त्रीकडे नेली.

"साब, निशान भी नहीं दिखेगा," मिस्त्री म्हणाला, आणि शब्दाला जागला.

सर परत आले. मडगार्डावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मी शाबासकीची वाट पाहत उभा. सर हळूच पायरीवर बसले.

"मीनू कालेजात गेली तवाची गोष्ट," ते म्हणाले. "मी तिले गाडी शिकवून राह्यलो होतो. बिरेक दाबाच्या जागी तिनं रेस पिरगाळली अन् गाडी बंद गेटवर. पोरगी रडाले लागली. म्या म्हनलं, रडू नको बेटा. संवेग गेटातून धरतीनं घेतला, तिले समजलाबी नाई. ऊर्जा या पोच्यात हाय. तुही हाय ते, मी सांभाळून ठेवतो."

त्या धरतीनं मलाही पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, सर नुसतं विज्ञान सांगतात. मी माफी मागायला वाकलो. उलट सरांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असू द्या. तुमी चांगल्या मनानं केलं." मग ते आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पुसली नाही.

शनिवारी मीनू आली. रिक्षातून उतरली, बापाच्या पाया पडली आणि बॅगा तिथंच टाकून थेट स्कूटरकडे गेली. मडगार्डावर हात ठेवून वळली.

"बाबा, माहा पोचा कुठी गेला?"

"मी काढून घेतला," मी खाली मान घालून म्हणालो.

सरांनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"त्यात काय! पाडनारी तं आली ना घरी. घे, कर चालू. गेट तिथीच हाय."

मीनू हसता हसता डोळे पुसायला लागली. मी गेलो आणि गेट लावून घेतलं.