पाच पायांचा पलंग

ग्रंथपालांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र नेमकं व्याह्यांचं होतं. दोन महिने ते टेबलाच्या खणात पडून होतं. खण उघडला की ते दिसायचं, म्हणून ग्रंथपालांनी खण उघडणंच सोडून दिलं होतं. पत्र जेमतेम तीन ओळींचं.

"आपण भेट दिलेल्या डब्याच्या बुडाशी ४७ हा आकडा आढळला. सदर डब्याचे लाकूड आपणांस कोठून मिळाले, ते आपल्या नोंदवहीत पाहून कळवावे. घरी सर्व क्षेम."

व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, तेहतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नोकरी संपली, पण नजर अजून कामावर होती. समोरच्याने नमस्कार केला तरी हा बिनतिकिटाचा तर नसेल, अशा बेताने ते त्याच्याकडे पाहत. त्यांनी लिहिलेलं 'सर्व क्षेम' वाचूनसुद्धा ग्रंथपालांनी पत्र घाईघाईने खणात सरकवलं होतं.

ग्रंथपालांना निवृत्तीनंतर लाकूडकामाचा नाद लागला. मागच्या व्हरांड्यात त्यांनी एक छोटा लेथ बसवला होता. लाकूड त्यावर गरगर फिरायचं आणि हे पटाशी टेकवून त्याला गोलाई द्यायचे. लाकूड मात्र विकत आणायचं नाही, सापडलेलंच घ्यायचं, असा नेम. कुणाची मोडकी खुर्ची, कुठे तुटून पडलेली फांदी, कधी जुन्या दाराचा तुकडा. त्यातून वाट्या, डबे, पेनं ठेवायचे पेले करायचे आणि नातेवाइकांना भेट द्यायचे. नातेवाईक "वा!" म्हणायचे आणि त्यात किल्ल्या ठेवायचे.

पण ज्याने चाळीस वर्षं प्रत्येक पुस्तकावर नोंद क्रमांक घातला, त्याच्या हातून बिननंबराची वस्तू बाहेर कशी पडणार? प्रत्येक वस्तूच्या बुडाशी आकडा, आणि त्या आकड्यापुढे वहीत लाकूड कुठे मिळालं त्याची खरीखुरी नोंद. सत्तेचाळीस नंबरापुढे लिहिलं होतं : "व्याह्यांचे परसदार. रंगाऱ्यांचा ढीग. (विचारायचे राहिले.)"

विचारायचं राहिलं, कारण त्या दिवशी व्याही संडासात लपलेल्या एका प्रवाशाला आपण कसं बाहेर काढलं, ते सांगत होते. घराला रंग चालू होता. परसात वाळलेले ब्रश, फुटक्या बादल्या, फळ्या यांचा ढीग होता, आणि त्यात एक जाड, काळसर, देखणा लाकडी ठोकळा. ग्रंथपालांना लाकूड मागायची लाज वाटली. न मागता पिशवीत टाकायची वाटली नाही. लाजाळू माणसांचं हे असंच असतं. पुढे त्याचा डबा केला तो इतका सुरेख उतरला, की व्याह्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनाच दिला. व्याह्यांनी तो आधी उलटा केला आणि मग आभार मानले.

"अहो, त्यांना उत्तर लिहिलंत का?" बायको दर आठवड्याला विचारायची.

"लिहितोय."

"दोन महिने? कुठलं लाकूड एवढंच विचारलंय ना त्यांनी? चोरलंय थोडंच!"

यावर ग्रंथपाल चष्मा पुसायचे. अकरा कच्चे मसुदे झाले होते. 'आपल्याकडेच मिळाले' हे उद्धट वाटत होतं, 'सहज मिळाले' हे गुळमुळीत, आणि 'निसर्गाची देणगी' तर शुद्ध लबाडी.

अशात लेकीचा फोन आला.

"बाबा, इकडे रोज रामायण चाललंय. रखडलेलं रंगाचं काम एकदाचं संपलं, म्हणून नानांनी त्यांच्या आईचा पलंग परत जोडायला काढला, तर तीनच पाय!"

नाना म्हणजे तिचे सासरे.

"चौथा?" ग्रंथपालांनी क्षीण आवाजात विचारलं.

"चौथा सुतारकाकांनी पळवला म्हणे. पलंग त्यांनीच सुटा केला होता ना. वीस वर्षं घरात वावरलेला माणूस, त्याला नानांनी दारातून परत पाठवलं. आता गल्लीत कुणी त्यांना काम देईना. एवढा काळा, जाड पाय हवेत थोडाच विरघळतो!"

फोन ठेवून ग्रंथपाल खाली बसले आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या पलंगाचा पाय चोरलात आणि त्याचा डबा करून त्यांनाच दिलात?"

"चोरला नाही. उचलला."

"विचारून?"

"नाही."

"मग त्याला काय म्हणतात, ते तुमच्या त्या जाडजूड शब्दकोशात बघा. आणि कळवून टाका त्यांना."

"लेकीचं सासर आहे ते. तिला उद्या चोराची मुलगी म्हणतील."

"आणि आज त्या बिचाऱ्या सुताराला काय म्हणतायत?"

रात्रंदिवस पुस्तकांत वावरलेल्या माणसाला संकटात सरळ रस्ता कधी सुचत नाही. ग्रंथपालांनी ठरवलं, तस्साच नवा पाय कातायचा आणि गुपचूप परसात ठेवून यायचं. पाय मिळाला म्हणजे सुतारावरचा आळ जाईल, आपलंही नाव येणार नाही. फक्त माप हवं होतं. त्यांनी लेकीला उरलेल्या पायांचं माप घ्यायला सांगितलं. कशाला ते सांगितलं नाही. पण ती त्यांचीच मुलगी. तिने "बाबा!" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती अडगळीच्या खोलीत टेप घेऊन ओणवी झाली असताना नाना दारात उभे राहिले.

"काय शोधतेस?"

"कानातलं पडलं, नाना."

त्यावर नानांनी सगळ्या घराला कामाला लावलं. बॅटरी आली, झाडू आला, ट्रंका हलल्या. अर्ध्या तासाने सासूबाईंच्या लक्षात आलं, की सूनबाईंची दोन्ही कानातली कानातच आहेत. तेव्हापासून नाना अडगळीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपू लागले. लेकीने त्याआधीच घेतलेलं माप कळवलं आणि वर म्हणाली, "बाबा, आता माझ्यावरही नजर आहे. जे काय करायचं ते लवकर करा."

ग्रंथपालांनी शेजाऱ्यांनी टाकलेल्या टेबलातून पाय कातला. चार दिवस लागले. दोन पाय बिघडले, तिसरा जमला. रंग काळसर यावा म्हणून त्याला चहाच्या दाट पाण्याने तीनदा पुसलं. मग तो कापडी पिशवीत, वर एक जाड पुस्तक, अशा थाटात ते बायकोला घेऊन व्याह्यांकडे जेवायला गेले. बायकोला पुढच्या दाराने आत पाठवलं आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून स्वतः मागच्या बोळात शिरले.

बोळात, परसाच्या फाटकाशी, एक माणूस बगलेत गोणपाटाची गुंडाळी घेऊन आत डोकावत होता. तो सुतार होता. दोघेही दचकले.

"तुम्ही इथं कसे?" सुताराने विचारलं.

"सहज. तुम्ही?"

"मीही सहजच."

दोघांनी एकमेकांच्या सामानाकडे पाहिलं. पिशवीतून लाकडाचं टोक वर आलं होतं. गोणपाटातूनही.

"खूर ना हा पलंगाचा?" सुताराने हात घालून पाय बाहेर ओढला आणि अंगठा फिरवला. "कुणी कातला?"

"मी."

"खालचा गोळा जाड झालाय."

एवढ्या घाबरगुंडीतही ग्रंथपालांच्या ते जिव्हारी लागलं. "पण तुम्ही कशाला आणलात?" त्यांनी विचारलं.

"काय करता! नेला नाही म्हणून सांगून दमलो. म्हटलं, एक करून टाकावा आत, म्हणजे मिटेल." मग सुताराचे डोळे बारीक झाले. "पण तुम्हाला काय पडली होती एवढी? आणि माप कुणी दिलं?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. खरं सांगायला ते सरसावलेच होते, असं आपण मानायला हरकत नाही. पण तेवढ्यात आतून व्याह्यांचं खाकरणं ऐकू आलं. सुताराने आपला पाय भिंतीवरून आत सोडला आणि बोळातून नाहीसा झाला. ग्रंथपालांनी आपला पाय फाटकाच्या आतल्या पिंपामागे टेकवला आणि पुस्तक छातीशी धरून पुढच्या दाराला आले.

जेवण होईपर्यंत बरं चाललं होतं. मग व्याही हात धुवायला परसात गेले आणि दोन्ही हातांत एकेक पाय घेऊन परतले.

"एक गेला, दोन आले," ते सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाले. "तीन आणि दोन पाच. पाच पायांचा पलंग ऐकलाय कुणी?"

कुणीच ऐकला नव्हता.

"चला, मिळाले ना?" ग्रंथपालांची बायको म्हणाली. "झालं गेलं विसरून जा."

"मिळाले? वहिनी, हे दोन्ही नवे आहेत! म्हणजे मूळ पाय त्या सुताराकडेच आहे. समोर ठेवून बरहुकूम केलेत. नाहीतर माप कुठून येणार? आणि असा हात दुसऱ्या कुणाचा आहे?" त्यांनी चहाच्या रंगाचा पाय उंच धरला. "हा बघा. काय सफाई! काय गोलाई! चोर आहे, पण कारागीर आहे."

ग्रंथपालांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची कुणी निःपक्षपातीपणे केलेली ही पहिली स्तुती, आणि ती स्वीकारायची सोय नव्हती.

"पुढच्या सोमवारी चौकीत तक्रार देतो," व्याही म्हणाले. "पाचही पाय घेऊन जातो. बरं व्याही, तुम्ही माझ्या पत्राचं उत्तर दिलं नाहीत."

लेकीच्या हातातली वाटी निसटली.

"ते... ते लाकडाचं?"

"हो. माझ्या थोरल्या बहिणीला तुमचा डबा फार आवडला. अगदी त्याच लाकडाचा तिला एक हवाय. मी म्हटलं, कुठलं लाकूड ते कळलं तर मिळवू. तुमच्याकडे आहे का आणखी?"

"माझ्याकडे नाही," ग्रंथपाल म्हणाले. "तीनच उर... म्हणजे... नाही."

"मग आहे कुणाकडे?"

दोन महिने ज्याला ते आरोपपत्र समजत होते, ती साधी फर्माईश निघाली! एखाद्या झाडाचं नाव ठोकून दिलं असतं तर तिथंच सुटका होती. ग्रंथपालांनी समोर पाहिलं. टेबलावर दोन पाय आडवे पडले होते, एक त्यांचा आणि एक सुताराचा.

"मी लेखी कळवतो," ते म्हणाले.

"लेखीच बरं," व्याह्यांनी मान डोलावली. "बोललेल्याचा काय भरवसा!"

निघताना विहीणबाई फाटकापर्यंत आल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी ग्रंथपालांना बाजूला बोलावलं.

"भाऊ, तो पाय मीच टाकला ढिगात."

ग्रंथपालांनी चटकन दाराकडे पाहिलं.

"हे जरा कुशीवर वळले, की गाडीनं रूळ बदलावा तसा करकरायचा मेला. चौतीस वर्षं! आईचा पलंग म्हणून काढूही देईनात. रंगाच्या गडबडीत दिला एक पाय टाकून. तुमचा डबा हातात घेतला तेव्हाच ओळखला मी. ज्यानं झोप मोडली, तो ओळखणार नाही?"

"मग बोलल्या का नाहीत?"

"ढिगात टाकला कुणी, हे आधी विचारतील. माझी उलटतपासणी मरेपर्यंत संपायची नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण त्या सुताराच्या बायकोपुढून जाववत नाही हो. तुम्ही एवढं वाचलेलं, काहीतरी सुचवा."

घरी आल्यावर ग्रंथपालांनी खण उघडला. अकरा मसुदे बाजूला सारले आणि बारावा एका बैठकीत, न खोडता लिहिला. बायकोने तो मोठ्याने वाचला.

"डबा क्रमांक ४७ चे लाकूड आपल्या पलंगाच्या पायाचे आहे. तो मी आपल्या अडगळीच्या खोलीतून, उरलेल्या तीन पायांशेजारून घेतला. तो कोणी टाकलेला नव्हता. मला आवडला, म्हणून न विचारता नेला. सुताराचा यात काडीचाही संबंध नाही. त्यांना बोलावून त्यांची माफी मागावी, ही विनंती. आपण ज्याच्या सफाईची तारीफ केलीत तो पाय माझ्या हातचा आहे."

"शेवटची ओळ कशाला?"

"पुरावा म्हणून."

"पुरावा म्हणे! आणि अडगळीच्या खोलीत तर तुम्ही पाऊलही टाकलं नव्हतंत."

"नव्हतं."

"म्हणजे खरी चोरी केली नाहीत तेव्हा दोन महिने थरथरलात, आणि आता खोटी कबूल करताय!"

"ढीग लिहिला, तर ढिगात कुणी टाकला हा प्रश्न येतो."

बायकोने पत्राची घडी घातली. "लेकीचं काय?"

"फोन केला होता. म्हणाली, माझ्यावर तसाही कानातल्यांपासून संशय आहेच, तुमची सोबत होईल. आधी सुतारकाकांचं बघा."

सकाळी दोघं टपालपेटीपाशी गेली. ग्रंथपालांनी पाकीट पेटीत अर्धं घातलं, बाहेर काढलं, पत्ता वाचला, पुन्हा घातलं. बायको आभाळाकडे बघत उभी राहिली. अखेर त्यांनी बोटं सोडली. मग पाकीट मध्येच कुठे अडकलं नाही ना, म्हणून पेटीच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिलं.

मागे एक गृहस्थ हातात पत्र घेऊन उभे होते. ते ग्रंथपालांकडे आणि त्यांच्या पेटीत शिरू पाहणाऱ्या चष्म्याकडे मोठ्या संशयाने बघत होते. एरवी ग्रंथपाल मान खाली घालून निघून गेले असते. आज ते बाजूला झाले, आणि त्या गृहस्थांनी काही विचारायच्या आतच म्हणाले,

"माझंच होतं."