सातवा पट्टा

शर्यत संपत आली की सगळं ग्राऊंड फिनिश लाइनकडे बघतं. आमचे बबनकाका मात्र उलट्या दिशेला पळतात. जो पडलाय त्याच्याकडे! आणि नुसते पळत नाहीत, तर गुडघ्यावर बसून, खिशातून व्हर्निअर काढून मातीतली खूण मोजतात. व्हर्निअर म्हणजे ज्यानं आम्ही कंपनीत पार्टची जाडी मोजतो तो. पडलेला बिचारा "आई गं" करतोय आणि हे त्याला म्हणतायत, "थांब, हलू नगं, खूण पुसशील."

खोटं नाही सांगत, मी स्वतः बघितलंय.

काका आमच्या चाकणच्या कंपनीत क्वालिटीचे सुपरवायझर. शेजारच्याच गावचे. दीड वर्षापूर्वी मी त्यांच्या हाताखाली ट्रेनी म्हणून लागले. पहिल्याच दिवशी एक लोखंडी ब्रॅकेट वाकडा दिसला, म्हणून मी तो मोठ्या रुबाबात लाल क्रेटमध्ये टाकला. लाल क्रेट म्हणजे भंगार. काकांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"का टाकला?"

"वाकडाय काका."

"ते मला बी दिसतंय. का वाकडाय?"

झालं! अर्धी शिफ्ट आम्ही दोघं त्या ब्रॅकेटच्या मागे. मशीन बघितलं, डाय म्हणजे साचा बघितला, शेवटी कळलं की ट्रॉलीचं एक चाक लंगडं होतं आणि ती दर फेरीला खांबावर आपटत होती. काका म्हणाले, "बघ, ह्याची काय चूक? लाल क्रेटात टाकायला एक सेकंद लागतो. भायेर काढायला कोन येत न्हाई." मला खरंच त्या ब्रॅकेटला सॉरी म्हणावंसं वाटलं, राव!

"आधी का ते बघू" हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून आमटीची बादली सांडली. सगळे त्याच्यावर ओरडतायत, आणि काका टेबलाखाली! मांडवाची दोरी वाटेत आली होती हे सिद्ध करूनच बाहेर आले, तोवर पाठीवर दोन वाट्या आमटी. त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "अगं, माझ्या हातनं कप फुटला तर हे रागवत न्हाईत, चौकशी करत्यात. त्यापरीस रागवलेलं बरं!"

तर असा माणूस पंच झाला तर काय होईल?

दरवर्षी आमच्याकडच्या दहा-बारा कंपन्या मिळून भोसरीत स्पर्धा भरवतात. शनिवारी प्राथमिक फेऱ्या, रविवारी फायनल. धावण्याचे मुख्य पंच बबनकाका. आमचे एचआरचे निखिल सर सगळं टाइमटेबल बनवतात, आणि ते सांगतात की काकांच्या नुसत्या नावानं त्यांना ॲसिडिटी होते. कारण कुणी पडलं की स्पर्धा थांबली! काकांचा नियम सरळ आहे. दुसऱ्याच्या पायानं पडलात, तर तुम्ही फायनलला. स्वतःच्या चुकीनं पडलात, तर घरी. पण ते ठरवायला त्यांना वीस मिनिटं लागतात.

कुणाला वाटेल मऊ माणूस आहे. अजिबात नाही हं! गेल्या वर्षी आमचे पर्चेस मॅनेजर शंभर मीटरमध्ये तोंडावर आपटले आणि शेजारच्यानं ढकललं म्हणून ओरडायला लागले. काकांनी खुणा बघितल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, तुमी मागं बघत व्हता. ही तुमची सवताची चूक. पुढची रेस लावा." पुढं महिनाभर आमच्या डिपार्टमेंटची एकही ऑर्डर वेळेत पास झाली नाही. काकांना काही फरक नाही.

आता यंदाचं सांगते. यंदा मीसुद्धा धावले. मुलींची आठशे मीटर.

ग्राऊंडवर धावायचे पट्टे सहाच. दोन प्राथमिक फेऱ्या, प्रत्येकीतून पहिल्या तिघी फायनलला. माझ्या फेरीत सारिका म्हणून एक लातूरची मुलगी होती, दुसऱ्या कंपनीतली. काय धावते राव ती! तिची आई रविवारची फायनल बघायला गावाहून निघालीसुद्धा होती. ती सगळ्यांना सांगत होती, "आई पयल्यांदाच बघणारंय मला पळताना."

शेवटच्या वळणावर सारिका तिसरी आणि मी चौथी, अगदी तिच्या पाठीला. मी आत घुसायला गेले, आणि माझ्या बुटाला काहीतरी लागलं. सारिका पडली. मी तिसरी आले.

मला माहीत होतं काय लागलं ते. पण मी हात वर करून नाचले, सेल्फीसुद्धा काढला.

काका अर्थातच वळणावर. सारिकाचा गुडघा फुटला होता आणि ती रडत स्वतःलाच शिव्या देत होती, "माझाच पाय आडकला असंल ओ." काका म्हणाले, "तू गप. आधी का ते बघू." तिच्या बुटाच्या टाचेवर लाल मातीचा ठसा होता, नागमोडी रेघांचा. त्यांनी तो मोजला. मग आम्हा उरलेल्या पाच जणींना रांगेत उभं केलं आणि एकेकीला पाय वर करायला लावला, घोड्याचा नाल बघतात तसा!

माझ्या बुटाच्या तळाच्या रेघा नागमोडी. काकांनी व्हर्निअर लावला. परत लावला. माझ्याकडे वर बघितलं. माझं हृदय इतकं धडधडत होतं की मला वाटलं, आता त्याचाही आकडा येणार. अडवणारी बाद, हा नियम मला पाठ होता.

काका उठले, पँटची माती झटकली.

"पाय लागलाय. ही पोरगी फायनलला जाईल."

"कुणाचा लागला?" निखिल सरांनी विचारलं.

"ते आत्ताच न्हाई सांगता येत."

"अहो, पट्टे सहाच आहेत! सातवी कुठे उभी करू?"

"पट्टा मी आखतो. तुमी च्या प्या."

मी मनात म्हटलं, सुटले! पण मग विचार आला, दोन दशांश मिलिमीटर पकडणाऱ्या माणसाला सांगता येत नाही? आणि तो विचार काही डोक्यातून जाईचना. समोसा खाल्ला, तरी जाईना.

पाच वाजता ग्राऊंड रिकामं होत आलं. काका एकटेच सातवा पट्टा आखत होते. एका हातात फक्कीची पाटी, सुतळीचं एक टोक खिळ्याला, दुसरं दातात. मी जाऊन त्यांच्या तोंडातलं टोक हातात घेतलं.  ते मुठीनं पांढरी रेघ ओढत राहिले.

"काका, तो माझा पाय होता."

"व्हय."

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"रेघ मोजली की मी."

"मग बोलला का नाहीत?"

"मुद्दाम घातलास का पाय?"

"नाही! शप्पथ नाही. पण लागला ते कळलं होतं मला. आणि मी गप्प बसले."

काका पाटी खाली ठेवून तिथंच मातीत बसले. चष्म्यावर फक्की उडाली होती, ती पुसलीसुद्धा नाही.

"माझा बी लागला व्हता," ते म्हणाले. "तालुक्याला. दहावीत व्हतो. दत्तू म्हनून पोरगं माझ्या म्होरं व्हतं. ते पडलं, मी पुढं गेलो. फायनल जिकली. त्या कपावर मला पयल्या कंपनीत घेतलं."

मी सुतळीचं टोक धरूनच त्यांच्यासमोर बसले. 

"सांगायला गेलो त्याच्या घरी. कवा? गेल्या साली. केस पिकल्यावर. च्या ठिवला त्यानं. मी समदं सांगितलं, वळण कसं व्हतं, पाय कसा लागला. तर दत्तू माझ्याकडं बघतोय आनि म्हनतोय, 'मी पळायचो व्हय रं कधी?'"

काका हसले. मग बसल्याबसल्याच बोटानं रेघेची कड नीट केली.

"माफ करायला बी त्याच्याकडं काय राह्यलं न्हवतं, बाळा."

गेटापाशी सारिका बसची वाट बघत उभी होती, गुडघ्याला पट्टी बांधून. काकांनी हनुवटीनं तिच्याकडे खूण केली.

"ती उद्या पळनार हाय. तवर सांग."

"आणि मला बाद केलं तर?"

"पंच मी हाय, पर पडली ती. तिनं बाद म्हनलं तर बाद. मी मधी पडनार न्हाई."

लांबून बस वळताना दिसली. मी सुतळी टाकली आणि गेटाकडे सुटले.

मागून काका ओरडले, "अगं हळू! पळू नगं, पडशील!"