आधी मागणी

मिस लोरेटांशी बोलायला गेलं की त्या पर्समधून अंडी उकडायचा टायमर काढून टेबलावर ठेवत. टोमॅटोच्या आकाराचा, लाल, तीन मिनिटांवर लावलेला. समोर चौदा वर्षांची मुलगी असो, नाहीतर इन्शुरन्स विकायला आलेला माणूस.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. आम्ही अमेरिकेत, प्लेनोत राहायचो, आणि मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीसाठी मला शेजारच्या गावातल्या लायब्ररीची खोली हवी होती. शनिवारी ती मिस लोरेटांकडे असते, असं काउंटरवर कळलं. मी गेले. आधी हवेबद्दल बोलले, मग त्यांच्या स्कार्फचं कौतुक केलं, तब्येतीची चौकशी केली, माझ्या मुलीची शाळा सांगितली. मुद्द्याशी पोचतच होते, तेवढ्यात टायमर वाजला.

"हनी, गोड बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण तुला हवंय काय?"

आपल्याकडे खरं काम चहा झाल्यावर, निरोप घेऊन, चपला घालताना निघतं. हे मी त्यांना समजावायला लागले, तर त्यांनी पुन्हा टायमर फिरवला.

खोली मिळाली, रविवारची. मग त्यांनी माझ्या हातातली वही पाहिली. मी यादीशिवाय घराबाहेर पडत नाही. "याद्या करणारी बाई मला हवीच होती," त्या म्हणाल्या. "मागणी: दर शनिवारी, दहा वाजता." अशी मी मुलांची 'मिस वैशाली' झाले.

मिस लोरेटांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर गावातल्या दहा-बारा कृष्णवर्णीय मुलामुलींना त्या आपल्या हक्काचं बोलायला शिकवत. त्यांचं म्हणणं असं, की हीच मुलं बसमध्ये वकिलासारखी भांडायची आणि प्रिन्सिपॉलसमोर मुकी व्हायची. त्या मधल्या अंतरावर कोणीतरी काम करायला हवं होतं.

शिकवण्याचा नियम एकच. "आधी मागणी, मग कहाणी." मागणी पहिल्या वाक्यात, कारणं तीन, आभार मानून खाली बसायचं. वर्गात पाणी प्यायला जायचं तरी हीच पद्धत. आंद्रे नावाचा बोलभांड मुलगा एकदा उठून म्हणाला, "मागणी: आज पिझ्झा. एक, भूक. दोन, गेल्या वेळी सँडविच शिळं होतं. तीन, मिस वैशालींच्या यादीत पिझ्झा आहे, मी पाहिलंय."

"तिसरं कारण चोरीचं आहे," मिस लोरेटा म्हणाल्या. "दोन कारणांत अर्धाच पिझ्झा मिळतो." आणि खरंच अर्धाच दिला.

मुलांनी लिहून आणलेला कागद त्या हातात घेत नसत. "वाचून दाखव. कागद स्वतः बोलत नाही." गाडी चालवणंही सोडलं होतं, गुडघे दुखतात म्हणत. लायब्ररीत त्या बसनं येत. मुलंही त्याच बसनं येत.

आणि नेमकी तीच शनिवारची बस बंद करायचं गावाच्या कौन्सिलनं ठरवलं. बस गेली तर वर्गच गेला. मिस लोरेटांनी कौन्सिलच्या सभेत बोलायला पंधरा वर्षांच्या जॅस्मिनला निवडलं. जॅस्मिन सगळ्यांत अबोल. आंद्रे नाराज झाला, तर त्याला म्हणाल्या, "तुझं बोलणं ते रोज ऐकतात बेटा. हिचं ऐकलेलं नाही."

इथं मी चूक केली. शाळेत मी वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेल्या. गुपचूप जॅस्मिनला माझ्या स्वयंपाकघरात बोलावून भाषण पाठ करून घेतलं: सन्माननीय महापौर, आदरणीय सदस्य, मग सुविचार, मग हातवारे, आणि शेवटी, अगदी नम्रपणे, बस. बरोबर तीन मिनिटं.

सभेत बोलणाऱ्यांची नावं इतकी आली की महापौरांनी तीन मिनिटांचं एक मिनिट केलं.

जॅस्मिन माइकपाशी गेली. महापौर झाले, सदस्य झाले, सुविचार सुरू झाला. वीस सेकंद गेली. तिनं मागे पाहिलं. मिस लोरेटांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं. मग त्यांनी पर्समधून तो लाल टोमॅटो काढून नुसता उंच धरला.

जॅस्मिननं कागद उलटा ठेवला.

"शनिवारची बस चालू ठेवा," ती म्हणाली. "माझी आई शनिवारी कामावर असते, आणि गाडी तिच्याकडे असते. माझी आजी या बसनं डायलिसिसला जाते. आणि बंद करायचं ठरवताना बसमध्ये येऊन आम्हाला कोणी विचारलं नाही. थँक यू."

पंधरा सेकंद उरली होती.

बस सहा महिने चालू ठेवू, मग बघू, असं ठरलं. मुलं उड्या मारत होती. मिस लोरेटा मला म्हणाल्या, "सहा महिन्यांनंतरची तारीख लिही. आणि सुविचार खोडून टाक."

त्यानंतरच्या शनिवारी वर्ग संपल्यावर त्या माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आल्या. कधी येत नसत. यंदा दारच्या झाडाला अक्रोडासारखे पीकन किती लागलेत ते सांगितलं. मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. माझा दुपट्टा छान आहे म्हणाल्या. मी किल्ली काढली, दार उघडलं, तरी त्या उभ्याच. दाराच्या कडेवर हात.

मला ही चाल ओळखीची होती. मी किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली आणि हवेबद्दल बोलले.

"मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे," शेवटी त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मोतीबिंदू. काही विशेष नाही. पण घरी कोण नेणार त्याचं नाव फॉर्मवर लागतं. तिकडे बस जात नाही. एरवी मी... ती ओळ भरायची राहिलीय."

टायमर पर्समध्येच होता. किती मिनिटं झाली, मी मोजली नाहीत.

वही उघडून मी मंगळवारच्या पानावरचं सगळं खोडलं आणि त्यांचं नाव लिहिलं. कितीला पोचायचं, विचारलं.

"सातला. तू सव्वासहाला आलीस तरी चालेल."

मी साडेपाच लिहिलं. निघण्याआधी चहा लागणार होता.