देवरामकाकाजींचा गडवा

पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा दोन्ही हातांत धरून मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेला सत्तेचाळीस वर्षांचा शाळामास्तर तुम्ही कधी पाहिला नसेल. वरठीच्या लोकांनी पाहिला आहे. तो मी. गाडी चालवणारे आमचे शेजारी देवरामकाकाजी, आणि दर दोन मिनिटांनी मागे न वळता त्यांचा एकच प्रश्न, "गुर्जी, सांडलं का?"

काकाजी पोलाद कारखान्यात बत्तीस वर्षं क्रेनवर होते. वितळलेल्या लोखंडाने भरलेली अजस्र बादली या टोकाकडून त्या टोकाला न्यायची आणि थेंबही खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती बादली त्यांच्या डोक्यातून उतरलेली नाही. पंगतीत वरण वाढणाऱ्याकडे ते असे टक लावून बघतात की त्याच्या हातून ते हमखास सांडतं. एसटीने साकोलीहून आले की "डायवरनं सांडवलं" किंवा "नाई सांडवलं" एवढंच प्रवासवर्णन. चहा बशीत हिंदकळवणारा पाहुणा त्यांच्या मनातून उतरतो. मी वीस वर्षं त्यांच्या घरी चहा पितो आहे आणि माझी बशी अजून एकदाही कोरडी राहिलेली नाही. तरी मला का बोलावतात, याचं मला नवल वाटायचं.

मागच्या वर्षी त्यांनी एकाएकी एक उंच, दांडगी मोटारसायकल आणली. हिमालयात फिरायला जाणारे घेतात तसली. सगळी गल्ली गोळा झाली.

"काकाजी, लडाखले जाऊन राहिले का?"

"एकोडीले," काकाजी म्हणाले.

लोक हसले. मी हसलो नाही. एकोडी हे शेवंताकाकूंचं माहेर. त्यांची थोरली बहीण तिथे असते, तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. रोज फोनवर विचारते, "शेवंता, कवा येतं वो?" आणि काकू तीन वर्षं गेलेल्या नव्हत्या. पाठीचा मणका दुखावलेला. एसटीचे हादरे सोसत नाहीत, बंद कारमध्ये बसलं की उलट्या सुरू. डॉक्टर म्हणाले, मोटारसायकलवर बसायला हरकत नाही, फक्त दणका बसता कामा नये.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं मला जमणार नाही. काकूंची पाठ माझ्यामुळे गेली. ही गाडी येण्याच्या तीन वर्षं आधी त्या रेल्वेने आल्या होत्या. स्टेशनवर दिसल्या म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवर घेतलं. शाळेला उशीर होत होता. "हळू घेजो बापा," त्या म्हणाल्या होत्या. स्टेशनच्या रस्त्यावरचा ब्रेकर मला दिसला, पण मी वेग कमी केला नाही. काकू वीतभर वर उडाल्या आणि दाणकन खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता येईना, आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "न्हाणीत पाय घसरला."

मी तिथेच बसलो होतो. मान खाली घालून चहा पीत होतो.

त्याच संध्याकाळी काकाजींनी छन्नी-हातोडा घेऊन न्हाणीची गुळगुळीत फरशी खडबडीत करायला घेतली. प्रत्येक ठोका मला माझ्या घरात ऐकू येत होता. अर्धी झाली आणि ठोके थांबले. ती फरशी आजही अर्धी खडबडीत, अर्धी गुळगुळीत आहे. ते का थांबले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तर गाडी आली, पण तिची मागची सीट काकाजींच्या पसंतीस उतरेना. "हे सीट नोहे, फळी हाये," म्हणून त्यांनी लांबच्या प्रवासाची, रुंद आणि मऊ, वेगळी सीट मागवली. खोकं उघडलं त्या दिवशी मी न बोलावता गेलो. जुनी सीट काढायला दोन मिनिटं लागली. नवी बसवायला चार रविवार. पुढची जीभ टाकीखाली सरकली की मागचा हूक अर्धं बोट अलीकडे राही. हूक बसवला की जीभ बाहेर. काकाजींनी पट्टी कानशीने घासली, मी बॅटरी धरली. शेवटी खट्ट करून सीट बसली, पण हलवली की खालून कुरकुरे. तिथे रबर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंची एक चप्पल सापडेना. संध्याकाळी दुसरीही सापडेना.

"अजी, माह्याच चपला कापून त्याच्यावर मलेच बसवता का?" काकू खाटेवरून ओरडल्या.

"तुह्या चपला तुले ओळखतेत," काकाजी म्हणाले. "दुसऱ्याचं रबर काहून लावू?"

मग गडव्याची परीक्षा सुरू झाली. मागे बसायला माझीच निवड का, तर "वजनानं तुमी अन् शेवंता सारखेच." पहिल्या दिवशी माझी पॅन्ट भिजली. काकाजींनी रबराचे तुकडे पातळ केले, जाड केले, मागच्या स्प्रिंगा सैल केल्या. रोज थोडं कमी सांडू लागलं. लोक हात दाखवून हसत. मला ते हसणं बरं वाटे, थोडी शिक्षा भोगल्यासारखं.

अखेर एका सोमवारी काकू एकोडीला गेल्या. रस्ताभर पाठ दुखली नाही. बहिणीने त्यांचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला, असं त्या फोनवर सांगत होत्या. पण मला सांगायचं आहे ते आदल्या दिवशीचं, रविवार सकाळचं.

शेवटची परीक्षा म्हणून काकाजींनी गाडी स्टेशनच्या रस्त्याला घेतली. तोच ब्रेकर समोर आला आणि माझ्याने राहवेना.

"काकाजी, काकू न्हाणीत घसरल्या नव्हत्या."

"सांडलं का?"

"नाही."

"मंग हालू नका."

ब्रेकर कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. गडवा तसाच काठोकाठ. काकाजींनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"अर्धी फरशी झाली होती, तवा तिनं सांगतलं," ते समोर बघत म्हणाले. "म्हणे, कायले ठोकून राहिले, फरशीचा काई दोष नाई."

"मग तीन वर्षं मला बोलला का नाहीत?"

"शप्पथ घातली न तिनं. गुर्जीले समजलं त लाजन अन् येनं बंद करन, म्हणे." ते पहिल्यांदाच मागे वळले. त्यांना मूलबाळ नाही. "तुमी येनं बंद केलं असतं, त आमच्या घरी बशीत चहा सांडवाले कोण आलं असतं?"

ते उतरले, माझ्या हातातला गडवा जपून घेतला आणि गाडीकडे मानेने खूण केली.

"आता तुमी चालवा. मी मांगं बसतो."

"नको काकाजी. माझ्याच्याने नाही होणार."

"कायले नाई? बत्तीस वर्षं लोखंड वाह्यलं मी. आता मले कोणी वाह्यलं पायजे का नाई?"

मी गाडी वळवली. ब्रेकर पुन्हा समोर. फार आधी ब्रेक दाबला, क्लच चुकला, गाडीने गचका खाल्ला. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, उतरलं. कॉलरपासून कमरेपर्यंत पाण्याचा थंडगार ओघळ माझ्या पाठीवरून गेला.

"सांडलं का, काकाजी?" मी विचारलं.



"नाई, बाबू," काकाजी म्हणाले. "एक थेंब नाई."