भोयर सरांचा जेवणाचा सर्वे

भोयर सर कुणाच्याही घरात शिरायच्या आधी दारातल्या चपला वाचतात. वाचतात म्हणजे उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि तोंडानं 'हं, हं' करत एकेक चप्पल न्याहाळतात. चपला जोडीजोडीनं लावलेल्या असल्या तर घरात सासू खमकी. एखादीच नवी, पट्ट्याची, बाजूला काढलेली असली तर लेक माहेरी आलेली. आमच्या सांगवीत त्यांना असं बसलेलं बघून शेजारच्या म्हातारीनं चप्पलचोर म्हणून बोंब ठोकली. दुसरा कुणी असता तर पळाला असता. सरांनी तिलाच विचारलं, "आजी, चोरीचा संशय नेहमी नवख्या माणसावरच का येतो?"

म्हातारी म्हणाली, "गप ए. नवखा म्हणून न्हाय. तुझं तोंडच तसं हाय."

सर बारामतीच्या एका कॉलेजात उपयोजित समाजशास्त्राचे प्राध्यापक. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. उपयोजित म्हंजे काय, ते विचारलं.

"उपयोगात आणलेलं."

"मग बाकीचं बिनउपयोगाचं व्हय?"

सरांनी मागंपुढं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आमच्या विभागप्रमुखांसमोर बोलू नका हे."

माणूस मूळचा वर्ध्याकडचा. नोकरीला इकडं आला आणि इकडंच म्हातारा झाला. जिभेवरचं वर्धा मात्र गेलं नाही. "काय करून राहिले, तात्या?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "राहतोय कुठं, हितंच हाय की." बारामती-इंदापूरकडची गावं त्यांनी पोरं घेऊन पालथी घातली. इंदापूरकडच्या एका गावात दोन भावांचा जन्माचा अबोला होता. सरांनी त्याचा अभ्यास काढला. सकाळी थोरल्याला विचार, दुपारी धाकट्याला विचार, परत थोरल्याला विचार. शेवटी दोघं भाऊ एकत्र आले आणि दोघांनी मिळून सरांना गावाबाहेर घालवलं. त्यालाच उपयोजित म्हणत असतील.

माझ्या दारात आले ते गेल्या वर्षी, पोरापोरींचा घोळका घेऊन. चपला वाचल्या. मग ओसरीवर बसले, पेन काढलं.

"तात्या, कुटुंब?"

"गेलं," मी म्हणालो.

"कुठे गेलं?"

मी बोट वर केलं.

"वर म्हणजे पुण्याकडे?" सर लिहायला लागले. "कधी गेलं?"

"संक्रांतीच्या आधी."

"सगळं कुटुंब गेलं?"

"मग अर्धं जातं व्हय?"

"तुम्ही का नाही गेले?"

"बोलावणं आलं न्हाय अजून."

सर खूश झाले. पोरांकडं वळून म्हणाले, "बघा, स्थलांतर! वृद्ध मागे राहतात." मग मला म्हणाले, "परत येण्याची काही शक्यता?"

तेवढ्यात कन्हेरीची एक पोरगी, प्राची नावाची, सरांची बाही ओढायला लागली. "सर... सर, आमच्याकडं कुटुंब म्हंजे बायको."

सरांचं तोंड चुन्यासारखं झालं. पेनाला टोपण लावता येईना. आणि मला हसू फुटलं. पारू गेल्यापासनं पहिल्यांदा हसलो. हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं, ते थांबेना. पोरं घाबरून अंगणात जाऊन उभी राहिली. सर तेवढे बसून राहिले. मग उठून आत गेले, माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणलं, आणि पेन खिशात घातलं ते परत काढलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

पुढच्या रविवारी परत हजर. मी म्हणालो, "आता काय राहिलं?"

"नवा विषय आहे. एकट्या पुरुषाचं संध्याकाळचं जेवण. बोला, काल काय जेवले?"

खरं सांगायचं तर चहा आणि खारी. पारू गेल्यावर मी शेगडी पेटवायची सोडली होती. पोरगा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, बारामतीत दोन खोल्यांत संसार. तो येईल तेव्हा सुनेचा डबा आणायचा आणि म्हणायचा, "तात्या, गालफडं बसली तुमची. हितं उपाशी मरायचं असंल तर मी उचलून नेतो." मला जायचं नव्हतं. पारूचं घर कुलपात ठेवून पोराच्या ग्यालरीत खाट टाकायची? म्हणून सर्वेवाल्यापाशी खरं कशाला बोला, बातमी पोराच्या कानावर जायची.

"पिठलं-भाकरी," मी ठोकून दिलं.

"फोडणीत काय काय?"

"तेल."

"आणि?"

"तेलच."

"हं," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी परत तेच. पीठ पाण्यात कालवून टाकलं का कोरडं? गुठळ्या कशा मोडल्या? पोलिसानं विचारावं तसं. माझं खोटं पुरेना. वैताग आला. म्हटलं, एकदा करून तरी बघावं, म्हंजे उत्तरं तरी देता येतील. पहिलं पिठलं कुत्र्यानं हुंगून सोडलं. दुसरं मी खाल्लं. पुढं पुढं बरं व्हायला लागलं. मिरची ठेचून टाकायचं सुचलं. भाकरी अजून नकाशासारखी होते, पण फुगते. उन्हाळ्यानंतर पोरगा आला, माझ्याकडं बघितलं आणि न्यायचा विषय काढलाच नाही.

मग परवा बारामतीच्या बाजारात प्राची भेटली. तिला म्हणालो, "तुमच्या सरांचा जेवणाचा सर्वे कवा संपायचा? डोकं खाल्लं माझं."

"जेवणाचा? असला कुठला सर्वेच न्हाय, तात्या. आणि सर तर मेमध्येच रिटायर झाले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला कुणी कीव केलेली खपत नाही. तिच्याकडनं पत्ता घेतला आणि तसाच भर दुपारी सरांच्या घरी जाऊन थडकलो.

दार उघडंच होतं. सर खुर्चीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे, खांद्याला पिशवी.

"कुठं निघाला?" मी विचारलं.

"कुठे नाही," सर म्हणाले.

मी शिव्या पाठ करून आलो होतो, तरी निम्म्याच आठवल्या. "खोटा सर्वे करून म्हाताऱ्याला बनवता व्हय?"

सरांनी पिशवी काढून मांडीवर घेतली. "त्या दिवशी पाणी आणायला आत गेलो, तर तुमच्या शेगडीवर कोळ्याचं जाळं होतं. सरळ विचारलं असतं तर तुम्ही हाकललं असतं."

"हाकललंच असतं."

"तुम्ही खोटं सांगत होते, ते कळत होतं मला. पण खोटं सांगायला का होईना, जेवणाचा विचार तर करत होते." मग म्हणाले, "आणि रविवारी संध्याकाळी आमची खानावळ बंद असते, तात्या. वेळ जात नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या घरातली माणसं मोजणाऱ्या या माणसाच्या घरात मी नीट बघितलं. भिंतभर पुस्तकं. ओटा दुकानातल्यासारखा कोरा. तेलाचा डाग म्हणून नाही.

"बेसन हाय का?" मी विचारलं.

"नाही."

"मीठ?"

"असेल, बाप्पा."

कोपऱ्यावरच्या दुकानातनं बेसन, मिरच्या, तेल आणि पाव आणला. भाकरीची भानगड परक्या ओट्यावर नको. शेगडी पेटायला कुरकुर करत होती. सर मागं उभे. एरवी प्रश्नांची फैर झाडणारा माणूस, नुसता मिरच्या कुठं ठेवल्या ते बघत होता. फोडणी तडतडली तसे डोळे पुसायला लागले. मिरचीचा खकाणा होता, असं ते म्हणाले. मी व्हय म्हणालो.

"मोजे काढा आता," मी म्हणालो, "आणि बसा."