आधी लाल, मग पिवळं

देवळातल्या भंडाऱ्याचं, म्हणजे गावजेवणाचं, वरण यंदा निशिगंधाकडे होतं. बाभुळगावजवळच्या त्या गावात ती नुकतीच सून म्हणून आली होती आणि तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. गावच्या विहिरीचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नसे, आणि दरवर्षी नैवेद्याला उशीर होई. "यंदा आमची सून वेळेवर शिजवून दाखवन," असं तिच्या सासूबाई भागीरथाबाई देवळासमोर सगळ्यांदेखत बोलून बसल्या होत्या.

निशिगंधानं डाळ आदल्या दिवशीच भिजवली. सकाळी मोठ्या कढईत हळदीसह उकळायला ठेवली आणि मोजून दोन चमचे खायचा सोडा टाकला. चुलीशेजारी बाजेवर बसलेले चुलतसासरे पंजाबराव हे सगळं निरखत होते. शाळेतला एक शब्द त्यांच्या लक्षात राहिला होता.

"हे उत्प्रेरक होय न, पोरी?"

"नाही, काका. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः जसाच्या तसा राहतो. सोडा वरणात उतरतो, म्हणून बेतानं टाकायचा."

पंजाबरावांनी त्यातला 'वेग' तेवढा ऐकला.

ती साडी बदलायला घरात गेली. दरवर्षी वरण करणाऱ्या नंदाबाई कढईकडे आल्या. डाळ अजून कडकच दिसते, वेग वाढवा लागन, असं पंजाबरावांनी त्यांना सांगितलं. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही हा गावाचा नियम. तेव्हा आत काय पडलंय हे जिभेला विचारायची सोय नव्हती. नंदाबाईंनी नेहमीची मूठभर सोड्याची सवय पुरी केली आणि पोळ्यांकडे गेल्या. मग काळजीनं भागीरथाबाई आल्या. त्यांनाही पंजाबरावांनी तेच सांगितलं. त्यांनी उरलेला पुडा रिकामा केला.

निशिगंधा परत आली तेव्हा कढईत विटकरी लाल वरण रटरटत होतं.

"काहून वं, तिखट टाकलं का?" भागीरथाबाईंनी कढईत वाकून पाहिलं. "लाल वरनाचा निवद कोनी दाखवते का? मी काय तोंड दाखवू आता?"

"आई, सोडा कोणी टाकला?"

"मी टाकला. थोडासाच."

"मी बी," नंदाबाई म्हणाल्या. "दरसाल टाकतो न मी."

पंजाबराव आभाळाकडे पाहत होते. दोन बायका, एक पुडा, एक कढई, सगळं त्यांच्यामुळे कामाला लागलं होतं, आणि ते स्वतः बाजेवर जसेच्या तसे होते. आता त्यांना उत्प्रेरकाची व्याख्या सांगायची गरज नाही, असं निशिगंधाला वाटलं.

लाल रंग मात्र तिच्या ओळखीचा होता. सोड्यानं हळद लाल होते, आंबटानं परत पिवळी. भाजीसाठी भिजवलेल्या चिंचेचं घट्ट पाणी तिनं उचललं. आम्ल थोडं थोडं टाकावं, हे ती मुलांना दर वर्षी सांगते. पण तेवढ्यात देवळात आरती सुरू झाली, आणि तिनं अख्खं पातेलं उपडं केलं.

वरण फसफसून कढईच्या काठावर आलं, थोडं थांबलं आणि चुलीत उतरलं. अर्धा जाळ विझला. बाया मागे सरल्या, पंजाबरावांनी पाय वर घेतले. फेस बसला तेव्हा आत पिवळंधमक वरण होतं, लोण्यासारखं मऊ. सोड्याचा खारटपणा धरून निशिगंधानं मीठ निम्मंच टाकलं, हात जोडले आणि नैवेद्याचं ताट पाठवलं.

पहिल्या पंगतीनं वरण दोनदा मागून घेतलं. असं मऊ शिजलेलं वरण या गावात कधी झालं नव्हतं, हे तिसऱ्या घासाला सगळ्यांनी मान्य केलं. भागीरथाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या.

पंजाबराव महागावच्या पाहुण्यांना रीत समजावून सांगत होते. "आधी लाल होऊ द्याचं. लाल झाल्याबिगर चिंच टाकाचीच नाही. आमची सून सायन्सवाली हाय."

"पुढल्या साली दोन पुडे आनजो वं, नंदा," भागीरथाबाई म्हणाल्या.

शेवटच्या पंगतीत जेवायला बसलेल्या निशिगंधानं बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंचा खुललेला चेहरा पाहिला, आणि पानावरचा भात पुढे करत म्हणाली, "वरण वाढा."