आमच्या घटात कांदा उगवला

आमच्या घरातून ओला कचरा बाहेर जात नाही. गेल्या उन्हाळ्यापासून एक सालसुद्धा गेलेली नाही! हे मी आमच्या आकुर्डीच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितलंय की मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिन्याने जातात. जाऊ देत, तेवढीच वीज वाचते. गॅलरीत माझे तीन निळे ड्रम आहेत. भोकं मी पाडलीत, ढवळतो मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवतोही मीच. चहाला आलेले पाहुणे हल्ली चहा अर्धा टाकून उठतात, पण माझ्या उत्साहात फरक नाही.

तर यंदा नवरात्राच्या तोंडावर आई म्हणाली, "घटाला माती आनशील का रं रानातनं?"

आणि माझा सगळा उत्साह पायात उतरला.

इथे थोडं सांगायला हवं. चाकणच्या पलीकडे आमचं रान होतं. जानेवारीत ते एका गोदामवाल्या कंपनीला दिलं आणि हा फ्लॅट घेतला. दरवर्षी घटाची माती त्याच रानातली. घटात गहू किती वर येतो, त्यावर आई येणारं वर्ष कसं जाईल ते सांगायची. विकताना तिने कागदावर अंगठा दिला, रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "इकलं म्हंजी काय उचलून नेलं व्हय? माती तितंच हाय."

माती तिथे नव्हती. जूनमध्ये मी बघून आलो होतो. या बांधापासून त्या बांधापर्यंत काँक्रीट, वर पत्र्याचं छप्पर. विहीर कुठे होती तेही मला ओळखता आलं नाही. हे आईला कसं सांगायचं? आज नको, उद्या सांगू, असं करत मी चार महिने काढले होते.

"एवढ्या लांब कशाला, आई?" मी म्हणालो. "घरची माती आहे की. मी बनवलेली."

"माती बनवत्यात व्हय?"

"आता बनवतात. पर्यावरणाला चांगलं असतं."

आईने ड्रममध्ये वाकून पाहिलं. "वास मारतोय."

"जिवंत मातीला वास असतोच."

"अहो, ते खत अजून कच्चं आहे," तनुजा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात घालून बघा, गरम लागतंय."

"उबेनं गहू लवकर रुजेल," मी ठोकून दिलं. बायकोचं ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपली असती.

पण मी तिथेही थांबलो नाही. वरच्या मजल्यावरच्या सुमनताई लातूरकडच्या, त्यांनाही शेतातली माती कुठून मिळणार? त्यांना एक पिशवी दिली. शेजारच्या इंदुताईंना एक. प्लॅस्टिकची नव्हे, कापडी!

घट बसले. पहिली माळ झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. गव्हाचा एक कोंब वर येईना. माझ्या खताच्या उबेत तो बिचारा शिजला असावा. आई रोज पहाटे घटासमोर बसून मातीकडे बघायची. दोन दिवस तिने उपासाची खिचडीही न खाता बाजूला सारली.

"यंदा काय दिसत न्हाई," ती म्हणाली. "रानाबरबर त्येबी गेलं म्हनायचं."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. गेलेलं रान मी परत आणू शकत नव्हतो, आणि जो गहू मी आणू शकत होतो तो मीच मारला होता.

चौथ्या माळेला चमत्कार झाला. पहाटे घटाच्या कडेला एक हिरवं टोक दिसलं. संध्याकाळपर्यंत चार झाली, चार-चार बोटं उंच. आईचा चेहरा जानेवारीनंतर पहिल्यांदा उजळला. तिने गावाकडे तानुमावशीला फोन लावला. "आगं, कोंब बघ किती जोमात हाय! पोरानं माती घरात बनवली." मग सोसायटीतल्या बायका घट बघायला आल्या आणि मी त्यांना मातीतल्या सूक्ष्म जिवांवर वीस मिनिटं भाषण दिलं. देवीच्या समोर उभं राहून, चपला काढून.

पाचव्या माळेला तनुजाने मला हळूच बाजूला घेतलं. "गव्हाची पात चपटी असते ना?"

"असते."

"ही गोल आहे. आणि आतून पोकळ."

मी वाकून वास घेतला. आमच्याकडे नऊ दिवस कांद्याला हात लावत नाहीत. विळीसुद्धा घट बसायच्या आदल्या दिवशी राखेने घासून ठेवतात. आणि देवीच्या पुढ्यात, झेंडूच्या माळेखाली, कांदा दिमाखात उभा होता. खतात टाकलेली बुडखी सगळी जगली होती.

मी लगेच मार्ग काढला. आकुर्डी स्टेशनजवळ एक रसवाला गव्हांकुराचा रस विकतो. त्याच्याकडून मुळासकट एक जुडी आणली. दुपारी आई जरा पडली होती. मी चमचा घेऊन घटाशी बसलो आणि पहिला कांदा उपसला. तो चांगला बुडख्यासकट वर आला. मागे बांगड्या वाजल्या. आई दारात उभी होती. माझ्या एका हातात कांदा, दुसऱ्या हातात गहू.

मी तोंड उघडणार, एवढ्यात बेल वाजली. सुमनताई धापा टाकत आत आल्या. "ज्ञानेशभाऊ, माझ्या घटात लसूण आलाय की! इंदुताईंच्या घटात टमाट्याचं रोप आहे. तुम्ही आम्हाला नेमकं दिलंत तरी काय?"

आईने माझ्या हातातला कांदा घेतला, उलटसुलट करून पाहिला. "मूळ चांगलं धरलंय," म्हणाली आणि बाजूला ठेवला. "सातव्या माळंलाबी घट बसवत्यात. गाडी काढ. रानात जाऊन माती आनू."

मी म्हटलं, ऊन फार आहे. म्हणाली, डोक्यावर पदर घेते. मी म्हटलं, चाकण रस्त्याला ट्रकची गर्दी असेल. म्हणाली, मग दमानं चालव. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. तासभर ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, आणि मी एक शब्द बोललो नाही.

गोदामाच्या फाटकाशी आई उतरली. पदर सारखा केला आणि गजांतून आत बघत राहिली. आत ट्रक मागे घेत होते. ती रडेल, मला बोलेल, असं वाटलं होतं. ते परवडलं असतं.

"समदंच झाकलं रं," ती म्हणाली.

केबिनमधून निळ्या गणवेशातले गेनूतात्या बाहेर आले. यांचं रान आमच्या बांधाला लागून. तेही याच कंपनीने घेतलं, आणि तात्या आता तिथेच वॉचमन आहेत.

"वैनी? हिकडं कुठं?"

"घटाला माती पायजे, भावजी. मूठभर."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, खालीही काँक्रीटच. मग ते फाटकालगतच्या कुंड्यांकडे गेले. शोभेची झाडं होती, नुकतीच लावलेली. शेजारी तळेगावच्या रोपवाटिकेची रिकामी पोती पडली होती, ती तात्यांनी पायाने भिंतीमागे सारली. कुंडीतली मूठभर माती उकरून त्यांनी आईच्या पदरात घातली.

"घ्या वैनी. आपलीच हाय."

आईने माती कपाळाला लावली. मी गाडीला चावी लावतोय तोच तात्या ओशाळून म्हणाले, "जरा थांबा. वर क्यामेरा हाय. आतनं भाईर काय बी गेलं तर पावती फाडावी लागती."

त्यांनी पुस्तक काढलं आणि सावकाश भरलं. माल: माती. किती: एक मूठ. परत येणार का: नाही. शेवटचा रकाना होता, माल कुणाचा. तिथे त्यांना लिहावं लागलं नाही, कंपनीचं नाव छापूनच आलं होतं. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

आई पदर धरून शेजारी उभी होती. तिने छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हितं काय लिव्हलंय रं?"

"तुझं नाव आहे, आई," मी म्हणालो, आणि खाली सही केली.